हात विसरला नाही, प्रेस सुटली

प्रश्न : मी 54 वर्षांची. बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. 1990 च्या सुमारास दोन वर्षं चित्रकला महाविद्यालयात होते. ग्राफिकच्या तासाला लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा छाप, करायचे, सर माझी प्रिंट वर्गात फिरवायचे. मग लग्न, नोकरी, सोलापूर. यंदा मुलीने ऑनलाइन लिनोचं किट पाठवलं, म्हणून हौसेने तुळशीवृंदावन कोरायला घेतलं. कोरणी घसरली आणि डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले. तरी नेटाने पूर्ण केलं. हॉलमध्ये बसून छापलं तर काळा रंग कुठे उठला, कुठे नाहीच. कपाटातली तेव्हाची प्रिंट शेजारी ठेवली आणि रडू आलं. यजमान म्हणतात, चांगलं आलंय की! वर्गातली मैत्रीण म्हणते, लिनो काय, शाळेतली मुलंही करतात. दिवाळीला नातेवाइकांना हाताने छापलेली चाळीस शुभेच्छापत्रं पाठवायचं मनात होतं. आता वाटतं, हात गेला. क्लास लावू का? घरगुती छोटी प्रेस मिळते म्हणे, ती घेऊ? की नाद सोडू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर :

ताई, पत्राबरोबर तुम्ही दोन्ही प्रिंटचे फोटो पाठवलेत ते बरं केलं. नुसतं पत्र वाचून मी धीराचे चार शब्द लिहिले असते. फोटो पाहिल्यावर त्यांची गरज वाटत नाही. वृंदावनाच्या कठड्यावरच्या बारीक रेघा मोठ्या करून पाहिल्या. ओळीने कोरलेल्या, एका खोलीच्या, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या. हात गेलेल्या माणसाला अशी रेघ येत नाही. तुमचं बिघडलंय ते कोरून झाल्यावर.

कॉलेजात काय काय आयतं होतं, ते जरा आठवून पाहा. शाई डब्यातून काढून काचेवर लावलेली असायची. रोलर मोठा आणि सरळ असायचा. लिनो सरांनी आणलेला, ताजा. कागद भिजवून ठेवलेला. आणि कोपऱ्यात ती लोखंडी प्रेस, तिच्यावर जाड फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड. चाक फिरवलं की शंभर किलोंच्या वरचा दाब कागदावरून एका रेषेत सरकत जायचा. तुमच्या वाट्याला चित्र आणि कोरणं एवढंच होतं, आणि तेवढं तुम्ही उत्तम शिकलात. उरलेलं अर्धं काम कॉलेजचं ग्राफिकचं खातं करायचं. आता त्या अर्ध्याची गाठ तुमच्याशी आयुष्यात पहिल्यांदा पडलीय. त्यामुळे तुम्ही जुनं परत शिकताय हा समजच काढून टाका. निम्मं तुम्हाला येतं, निम्मं अगदी नवीन आहे, आणि त्या नव्यात घोटाळा झाला म्हणून तुम्ही येणाऱ्यालाही नावं ठेवताय.

शिवाय, कपाटात उरली ती निवडलेली प्रत. तिच्या आधीच्या फिक्या, डागाळलेल्या प्रती कॉलेजच्या कचऱ्यात गेल्या. तुलना करायचीच असेल तर त्यांच्याशी करा.

आता शाई. किटमधली ट्यूब पाण्यात विरघळणाऱ्या शाईची आहे, आणि तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये बसून छापलंत. हॉलमध्ये पंखा असणार. ही शाई पाणी उडालं की वाळते. पंख्याखाली काचेवर पसरली की काही मिनिटांत तिच्यावर पातळ पापुद्रा धरतो. तुम्ही ठशावर, म्हणजे कोरलेल्या लिनोवर, डावीकडून शाई लावत उजवीकडे पोचता तोवर डावी बाजू सुकलेली असते. मग कागद कितीही दाबा, सुकलेली शाई त्यावर येत नाही. तुमच्या प्रिंटमध्ये वृंदावनाचा डावा खांब फिका आणि उजवा गडद आहे, तो त्यामुळे.

याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे पंखा बंद करून, घाम पुसत, भराभर छापायचं. दुसरा, आणि माझ्या मते खरा, उपाय तेलाच्या शाईचा. गावात लग्नपत्रिका छापणारा एखादा ऑफसेटवाला ओळखीचा असेलच. त्याच्याकडून छोट्या डबीत काळी शाई मागून आणा. तुम्हाला वाटीभरसुद्धा लागणार नाही, आणि किलोचा डबा विकत घेतलात तर तो नातवंडांना पुरेल. ही शाई पाणी उडून वाळत नाही, हवा लागून सावकाश घट्ट होते. दुपारभर काचेवर पडली तरी चालते. त्यामुळे घाई संपते, आणि तुमच्या वयाला आणि माझ्याही वयाला घाई संपणं फार सोयीचं.

तेलाची शाई म्हटलं की रॉकेल, टर्पेंटाइन आणि घरभर वास डोळ्यांसमोर येतो. त्याची गरज नाही. काम झालं की जुन्या वर्तमानपत्राने शाई पुसून घ्या. मग काच, रोलर आणि ठशावर चमचाभर गोडेतेल टाकून चिंधीने फिरवा आणि शेवटी भांड्याच्या साबणाने धुवा. ठसा मात्र पाण्यात बुडवू नका, त्याच्या पाठीचा ताग पाणी पितो आणि वाकतो. एक सावधगिरी : त्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं वाळताना तापतात आणि कोंडलेला बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या गॅलरीत पसरून वाळवा, मग टाका.

शाई लावणं कोणी नीट शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. जाड काच घ्या किंवा स्वयंपाकघराचा ओटा करताना उरलेला गुळगुळीत कडप्प्याचा तुकडा घ्या. वाटाण्याएवढी शाई घ्या, त्याहून जास्त नको. पट्टीने काचेवर आडवी ओढा, मग रोलर फिरवायला लागा आणि कान द्या. सुरुवातीला कचकच असा ओला आवाज येतो, आणि शाईवर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत दाणे दिसतात. शाई जास्त आहे. फिरवत राहा, रोलर उचलून पुन्हा टेकवा, म्हणजे तो दर वेळी नव्या जागेवर बसेल. हळूहळू आवाज बारीक होतो, एकसारखा सर्र असा येतो, आणि काचेवरची शाई मखमली दिसते. या क्षणी रोलर ठशावर न्यायचा. दाबायचा नाही, त्याच्याच वजनावर जाऊ द्यायचा. एक हात उभा, पुन्हा काचेवरून शाई, एक हात आडवा, पुन्हा शाई. चार पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे. जाड थराने बारीक रेघा बुजतात, आणि मग आपण कोरणीला दोष देतो.

पहिल्या दोन-तीन प्रती फिक्याच येणार. नवा लिनो शाई पितो. त्या प्रती वर्तमानपत्रावर घ्या आणि सोडून द्या. तुम्ही पहिल्याच प्रतीला चांगला कागद लावून तिच्यावरून निकाल दिलात.

दाबाचं बघू. प्रेस नाही तर काय? लाटणं नको. लाटणं फिरवलं की त्याच्यापुढे कागद ढकलला जातो आणि रेघ दुहेरी उमटते. लाकडी डाव घ्या, नसेल तर स्टीलचा मोठा चमचा, आणि त्याची पाठ वापरा. ठशावर कागद ठेवला की तो तळहाताने मधून बाहेर असा एकदा बसवून घ्या. वर बटर पेपर ठेवा, म्हणजे चमचा अडखळत नाही आणि कागद फाटत नाही. मग मधून सुरुवात करून लहान लहान गोल फिरवत कडांकडे जा. एका हाताने कागद धरलेलाच असला पाहिजे. स्टीलचा चमचा बराच तापतो, त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. सगळीकडून फिरून झालं की बटर पेपर बाजूला करा आणि कागदाचा एकच कोपरा हळूच उचला. उरलेला कागद तळहाताखाली दाबलेला राहू द्या. आत डोकावा. कुठे फिकं असेल तर कोपरा जसा होता तसा खाली सोडा आणि तेवढ्याच जागी पुन्हा चमचा फिरवा. प्रेसवर ही मुभा नव्हती. तिथून प्रत बाहेर आली की आली. चमच्याने छापताना पाहून, दुरुस्त करून, मग कागद उचलता येतो, आणि हे एक सुख हातछपाईतच आहे. यजमानांना चांगलंच वाटतंय तर कोपरा धरायला त्यांनाच बसवा.

चमच्याला जाड कागद चालत नाही. किटमधला कार्ड पेपर बाजूला ठेवा. कॉलेजातला सुती हातकागद जाड आणि खरबरीत होता. तो ओला करून प्रेसखाली सुरेख यायचा, पण हाताने दाबून त्याच्यावर काळा भरीव रंग उठवणं म्हणजे मनगटाची वाट लावणं. पातळ पण चिवट कागद हवा. नेपाळी लोकता कागद चित्रकलेच्या मोठ्या दुकानांत मिळतो, झाडाच्या सालीच्या लांब धाग्यांचा असतो आणि कोरडाच छापता येतो. छापताना शाई मागून किंचित दिसायला लागते, म्हणजे कुठे उठलंय आणि कुठे राहिलंय हे न उचलताही कळतं.

आता अंगठा. टाके पडले याचं वाईट वाटलं, पण यात तुमच्या हाताचा दोष निम्माच आहे. फोटोत लिनोचा कोपरा मोडलेला दिसतो. वाकवून पाहिलात तेव्हा तुटला ना? मग तो जुना माल आहे. लिनो बनतो जवसाचं तेल, राळ आणि कॉर्कचा भुसा यांच्या लगद्यातून, तो तागाच्या कापडावर थापलेला असतो. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने 1860 च्या दशकात तो जमिनीवर अंथरण्यासाठी काढला, चित्रकारांच्या हाती नंतर आला. तेल हवेने कडक होत जातं, म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडलेला लिनो ठिसूळ होतो. त्यात कोरणी आधी अडते, मग एकदम सुटते, आणि पुढे अंगठा असतो.

नवीन घेताना तीन गोष्टी बघा : पाठीला तागाचं विणकाम हवं, कापलेल्या कडेला वरपासून खालपर्यंत एकच रंग हवा आणि नाकाला जवसाच्या तेलाचा वास यायला हवा. फर्निशिंगच्या दुकानात ‘लिनोलियम’ म्हणून जे गुंडाळे मिळतात ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे असतात, वर लाकडाची नक्षी छापलेले. ते कोरायच्या कामाचे नाहीत.

हाताशी असलेला तुकडा अगदीच टाकवत नसेल तर कोरण्याआधी गरम करा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा. लिनो मऊ पडतो आणि कोरणी लोण्यातून गेल्यासारखी नाही, पण विनातक्रार जाते. थंड झाला की पुन्हा पिशवी. मनगट दुखणाऱ्यांनी तर ताजा लिनोही गरम करूनच कोरावा.

सुताराकडून एक साधी फळी करून घ्या : ए-फोर कागदापेक्षा थोडी मोठी, वरच्या बाजूला मागच्या कडेला एक आडवी पट्टी, खालच्या बाजूला पुढच्या कडेला एक. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला ठसा टेकतो. तुम्ही पुढे ढकलता तेव्हा ठसा जाग्यावरून हलत नाही, म्हणून डाव्या हाताला तो पुढून धरून ठेवावा लागत नाही. डावा हात कायम कोरणीच्या मागे. या एका नियमाला अपवाद नाही. वळणाच्या रेघेला कोरणी वळवू नका, ठसा फिरवा.

आणि कोरणीला धार हवी. किटमधली प्लॅस्टिकच्या मुठीची पाती नव्यानेही बोथटच असतात. बोथट कोरणी जोर मागते, आणि जोर लावलेला हात घसरला तर लांब जातो. जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा फळीला चिकटवा, त्यावर पितळ चकाकवायची पॉलिश थोडी चोळा आणि पातं मागे ओढत दहा-बारा वेळा घासा, धारेच्या दिशेने ढकलू नका. दर अर्ध्या तासाने हे करा. ठशाच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढून पाहा. स्वच्छ, चकचकीत खाच पडली तर धार आहे. कडा भुरभुरल्या तर नाही.

वयाचंही खरं काय ते बोलून टाकू. हात तोच असला तरी डोळे ते नाहीत. विशीत नाकाशी धरून कोरत होतात. आता प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या पट्टीतून पाहायला मान वर करून बसत असाल, तर तासाभरात मानही जाते आणि रेघही. ठशापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजा आणि फक्त त्या अंतराचा साधा चष्मा करून घ्या. टेबल लॅम्प डोक्यावर नको, डाव्या बाजूला खाली हवा, म्हणजे तिरपा उजेड पडून प्रत्येक खाचेत सावली दिसते. कोरण्याआधी लिनोवर पातळ केलेली शाई किंवा मार्कर फिरवून तो गडद करा. कोरलेलं उजळ दिसतं आणि प्रिंट कशी येणार याचा अंदाज कोरतानाच येतो.

चित्राबद्दल एकच सूचना. तुळशीवृंदावन तुम्ही पांढऱ्या जमिनीवर काळ्या रेघांचं केलंय, म्हणजे रेघ सोडून भोवतालचं सगळं खणून काढावं लागलं. तासन्‌तास नुसती सफाई, आणि त्याच सफाईत अंगठा कापला. सुरुवातीला उलट करा. जमीन काळी राहू द्या आणि रेघ पांढरी काढा. कोरणी जाईल तीच रेघ. नंदलाल बोस यांचा 1930 चा, दांडीयात्रेच्या वेळचा, काठी घेऊन चाललेल्या गांधीजींचा लिनोकट काढून बघा, मोबाईलवर मिळेल. सगळा काळा कागद आणि त्यात मोजक्या पांढऱ्या रेघा. धोतराच्या चुण्यांपाशी नजर थांबवा आणि त्यांनी काय कोरलेलं नाही ते पाहा.

अक्षरं घालणार असाल, आणि शुभेच्छापत्र म्हटल्यावर घालणारच, तर ती लिनोवर उलटी हवीत. डोक्याने उलटी काढत बसू नका. ट्रेसिंग पेपरवर मऊ शिशाच्या पेन्सिलीने सरळ लिहा, कागद पालथा घालून मागून नखाने घासा, उलटी उमटतील. ‘शुभ दीपावली’ मधला ऱ्हस्व-दीर्घ मात्र पालथा घालण्याआधी तपासा. कोरल्यावर वेलांटी बदलता येत नाही.

मैत्रिणीला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. शाळेतली मुलं लिनो करतात हे खरंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक मुलांना लिनो द्यायचे. आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस, सत्तरी ओलांडलेला पिकासो दक्षिण फ्रान्समध्ये झपाटल्यासारखा लिनोच कोरत होता. आपल्या मुंबईत, अंधेरीला राहून चित्रकार चित्तप्रसाद लिनोकट करत राहिले. शिवाय घरी करायला लिनोच बरा : एचिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून छापण्याला, आम्ल लागतं, जस्ताचे पत्रे लागतात, आणि तुमच्या हॉलमध्ये आम्लाची ट्रे मला तरी नको वाटते.

क्लास? कोरण्याचा नको. पैसे खर्च करायचेच असतील तर धार लावणं आणि शाई लावणं दाखवणाऱ्या एखाद्या दोन दिवसांच्या कार्यशाळेवर करा, तेही घरी तीन ठसे छापून झाल्यावर. तेव्हा तुमच्याकडे विचारायला प्रश्न असतील.

प्रेस आत्ता घेऊ नका. ऑनलाइन दिसणाऱ्या छोट्या प्रेस बहुतेक हलक्या असतात, त्यांच्यापेक्षा तुमच्या चमच्याचा दाब बरा. मोठा ठसा करावासा वाटला तर गावातल्या जुन्या बाइंडरकडे जा. पुस्तकं दाबायची स्क्रूची लोखंडी प्रेस त्याच्याकडे असते, तिच्यात लिनो सुंदर छापला जातो. त्याला चहा पाजा आणि रविवारी तासभर मागून घ्या.

राहिली चाळीस शुभेच्छापत्रं. जमतील. ठसा पोस्टकार्डापेक्षा लहान ठेवा. जाड कार्डावर थेट छापू नका. लोकता कागदावर छापा आणि घडी घातलेल्या कार्डावर फक्त वरच्या कडेने चिकटवा, म्हणजे कागद ताणला जाऊन सुरकुतणार नाही. पणतीच्या ज्योतीला पिवळा हवा असेल तर प्रिंट पक्की वाळल्यावर जलरंगाचा थेंब ब्रशने द्या. तेलाची काळी शाई जलरंगाने फुटत नाही, तो फायदा इथे वसूल करा. दुसऱ्या रंगासाठी दुसरा ठसा वगैरे पुढच्या वर्षी.

एका बैठकीत आठ-दहा प्रतींपेक्षा जास्त काढू नका, खांदा बोलायला लागतो. दोरीवर चिमट्याने टांगून वाळवा. ही शाई कोरड्या हवेत काही दिवसांत वाळते, पावसाळी हवेत जास्त वेळ घेते, आणि वाळण्याआधी एकावर एक ठेवल्या तर पुढच्या प्रतीच्या पाठीवर मागचं वृंदावन उमटतं. आत्ता श्रावण चालू आहे. भाद्रपदात कोरून ठेवा, नवरात्रात छापा, आणि परदेशात पोस्टाने जायची असतील ती सगळ्यांत आधी.